‘हे नेमकं काय आहे?’ : अमूर्त चित्र आणि त्याचे अर्थ

गेल्या वेळी आपण ‘अर्थ’ या शब्दाचा विचार भाषेच्या अंगाने केला. वाक्याला अर्थ असतो म्हणजे काय, असा तो प्रश्न होता. आज तोच प्रश्न जिथे वाक्यच नाही अशा ठिकाणी नेऊ या. समोर एक चित्र आहे. त्यात झाड नाही, माणूस नाही, देऊळ नाही. रंग आहेत, दोन-चार रेघा आहेत, कुठे खरवडलेलं आहे. अशा चित्राला अर्थ असतो का? आणि असला तर तो कुणाचा? काढणाऱ्याचा, की बघणाऱ्याचा?

मोठ्या चित्रकारांची उदाहरणं आपण घेणार आहोत, पण मुख्य उदाहरण घरचं आहे. आमच्या सोसायटीत आम्ही सात-आठ जण हौसेने चित्रं काढतो. एक निवृत्त इंजिनियर आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, एक दातांचे डॉक्टर, दोन गृहिणी, अजून नोकरीत असलेला एक तरुण, आणि आम्ही. चित्रकलेचं रीतसर शिक्षण कुणाचंच नाही. शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा काहींनी दिल्या होत्या, तेवढंच. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी क्लब हाऊसमधलं टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावतो, त्यावर चित्रं टेकवून ठेवतो, आणि एकमेकांच्या चित्रांत काय दिसतं ते सांगतो. चहा असतो. कधी वाद होतात.

लोक विचारतात, तुम्ही अमूर्तच का काढता? खरं उत्तर जरा लाजिरवाणं आहे. आम्ही माणसाचा हात काढला तर तो वांग्यासारखा दिसतो. रंगात मात्र मजा येते. म्हणून सुरुवात अमूर्ताने झाली, आणि गोडी नंतर लागली.

आता कुणी म्हणेल, अर्थाचा विचारच करायचा तर तो वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांवरून करावा, हौशी मंडळींच्या प्रयोगांवरून कशाला? गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि २००१ साली गेले. रोलर आणि सुरी वापरून ते रंगाचे थर चढवत आणि काढत. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणण्यापेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणणं त्यांना पसंत होतं, म्हणजे ज्यात वस्तूच नाही असं. त्यांच्या अनेक चित्रांना शीर्षकही नाही. पण त्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की आपलं काय होतं, ते आठवून पाहा. काही कळलं नाही तर आपण मनातल्या मनात म्हणतो, ‘आपलीच समज कमी.’ नाव मोठं असतं, भिंत मोठी असते, किंमत ऐकलेली असते. मग तोंडातून शब्द फुटत नाही.

शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंच्या चित्रासमोर मात्र कुणी घाबरत नाही. ‘हे भाजलेल्या पापडासारखं दिसतंय’ असं सरळ सांगितलं जातं. म्हणून अर्थ कसा तयार होतो हे बघायला हौशी चित्रांची बैठक ही चांगली प्रयोगशाळा आहे, असं आमचं मत झालंय. अर्थात प्रयोगशाळेत कधी कधी हात भाजतो. तो कसा भाजला, ते आता सांगतो.

आमच्यातल्या इंजिनियर मित्राने एकदा सोळा बाय वीस इंचाच्या कॅनव्हास बोर्डवर चित्र आणलं. डाव्या बाजूला पिवळ्या मातीचा रंग, म्हणजे यलो ओकर. उजव्या बाजूला झळझळीत कॅडमियम यलो. दोन्हींच्या मध्ये वरपासून खालपर्यंत दीड बोट रुंदीचा राखाडी पट्टा, वर फिका आणि खालच्या टोकाला बराच गडद. बस, इतकंच. त्यांच्या पत्नी त्याआधी वर्षभरापूर्वी दीर्घ आजाराने गेल्या होत्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चित्र बघून कुणीतरी म्हणालं, ‘अहो, हा तर हॉस्पिटलचा पॅसेज आहे. टोकाला बंद दार आहे. वहिनींच्या आजारपणातून तुम्ही अजून बाहेर आलेला नाहीत.’

हे ‘कुणीतरी’ म्हणजे आम्हीच. इथे ‘आम्ही’ म्हणजे मंडळ नव्हे. तुमच्यासमोर बोलणारा, आयुष्यभर सौंदर्यशास्त्र शिकवलेला हा निवृत्त प्राध्यापक. आणि खरं सांगायचं तर ते वाक्य बोलताना आम्हाला थोडी शाबासकीचीच अपेक्षा होती. काय नेमकं ओळखलं!

मित्र काही बोलले नाहीत. त्यांनी चित्र उचललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, ‘येतो’ म्हणाले आणि गेले. पुढचे चार महिने ते बैठकीला आले नाहीत. शेवटी आम्हीच त्यांच्या घरी गेलो. ते शांतपणे म्हणाले, ‘सर, मी त्या दिवशी फक्त दोन पिवळे एकमेकांशेजारी नांदतात का, ते बघत होतो. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये टेप लावली होती. आता ते चित्र कपाटामागे ठेवलंय. बाहेर काढलं की मला पॅसेजच दिसतो. तुम्ही माझं चित्र नेलंत.’

या वाक्यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. चित्र त्यांच्या घरात आहे, रंगाचा एक ठिपकाही हललेला नाही. मग आम्ही नेलं काय? आणि आम्ही चुकलो असू तर नेमके कुठे चुकलो? आज या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायची आहेत.

पहिलं सोपं उत्तर असं, की चित्राचा अर्थ म्हणजे चित्रकाराचा हेतू. त्यांच्या मनात पॅसेज नव्हता, तुम्ही तो घातलात, म्हणून तुम्ही चुकलात. हे पटण्यासारखं वाटतं, पण पुरत नाही. विम्झट आणि बिअर्डस्ली या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९४६ साली एक गाजलेला निबंध लिहिला. कवितेचं मूल्यमापन कवीच्या हेतूवरून करता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. हेतू सफल झाला असेल तर तो कवितेत सापडेलच, आणि सफल झाला नसेल तर कवितेबाहेरून आणून तो तिच्यावर चिकटवता येणार नाही.

चित्राच्या बाबतीत तर हेतूची गंमत आणखी वाढते. ॲक्रिलिक रंग ज्यांनी वापरलाय त्यांना माहीत असेल, ओला असताना तो जरा फिका, दुधाळ दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. मित्राच्या चित्रातलं पट्ट्याचं खालचं टोक इतकं गडद करायचं त्यांच्या मनातच नव्हतं. रात्री राखाडी लावला, सकाळी बघतात तर गडद. ‘राहू दे’ म्हणाले. आम्हाला दिसलेलं बंद दार नेमकं त्या टोकामुळे दिसत होतं. म्हणजे चित्रातली सर्वांत परिणामकारक जागा हेतूने आलेली नव्हती. पण ती चित्रात नाही, असं म्हणता येईल का? ती आहेच. आणि ‘राहू दे’ हाही चित्रकाराचा निर्णयच झाला की.

दुसरं उत्तर याच्या अगदी उलट टोकाचं आहे. अमूर्त चित्र हा आरसा, ज्याच्या मनात जे असेल ते त्याला दिसतं. इथे हमखास रोरशाखचं नाव निघतं. हेरमान रोरशाख या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९२१ साली शाईच्या डागांची चाचणी प्रसिद्ध केली. दहा पत्रे, त्यांवर डाव्या-उजव्या बाजूंनी सारखे डाग. ‘हे काय असू शकेल?’ असं विचारायचं आणि उत्तरावरून उत्तर देणाऱ्याचा अंदाज बांधायचा.

आमच्या बाबतीत यात बरंच तथ्य होतं, हे कबूल केलं पाहिजे. त्या वर्षी आमची थोरली बहीण आजारी होती, आणि हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये रात्री काढत होतो ते आम्ही. मित्राच्या पट्ट्यात आम्हाला आमचाच पॅसेज दिसला, आणि तो आम्ही त्यांच्या नावावर खपवला.

पण म्हणून ‘ज्याला जे वाटेल ते’ हे उत्तर घ्यावं का? एक फरक लक्षात घ्या. शाईचा डाग चाचणीसाठी असतो. त्यात माणूस तपासायचा असतो, डागाकडे कुणी डाग म्हणून रसिकतेने बघत नाही. बैठकीत आपण जमतो ते चित्र बघायला. शिवाय सगळेच अर्थ सारखे खरे असतील तर दुसऱ्याचं ऐकायचं कशाला? ‘तुम्हाला तसं वाटतं, मला असं वाटतं, चला चहा घेऊ.’ हे ऐकायला उदार वाटतं, पण त्यात चित्राकडे पुन्हा वळून बघायची गरजच उरत नाही.

तिसरं उत्तर आपल्या मराठी सौंदर्यविचारातलं आहे. बा. सी. मर्ढेकर यांना आपण कवी म्हणून ओळखतो, पण १९५५ साली आलेल्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या पुस्तकात त्यांनी कलेच्या रचनेचे नियम मांडले. संवाद, विरोध आणि समतोल. चित्राच्या संदर्भात याचा अर्थ असा, की रंग रंगाशी कसा बोलतो, कुठे अडतो आणि एकूण तोल कसा सांभाळला जातो, हे बघा. या दृष्टीने आमच्या मित्राचं ‘दोन पिवळे नांदतात का’ हे वाक्य अस्सल मर्ढेकरी आहे. त्यात आजार नाही, पॅसेज नाही, फक्त रंगांचे संबंध आहेत.

हे उत्तर आम्हाला फार जवळचं वाटतं, तरी एक अडचण राहते. माणसं तिथे थांबत नाहीत. संवाद-विरोध बघता बघता ‘इथे गुदमरल्यासारखं होतं’, ‘इथे मोकळं वाटतं’ असं म्हणतातच. या म्हणण्याला ‘बाहेरचं’ म्हणून हाकलून दिलं, तर बैठकीला येणारी निम्मी माणसं गप्प होतील. आणि ती उगाच बोलत होती असंही नाही.

मग वाट कुठे आहे? आम्हाला ती अभिनवगुप्ताकडे सापडली. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या या आचार्यांनी भरताच्या नाट्यशास्त्रावर ‘अभिनवभारती’ ही टीका लिहिली. त्यात त्यांनी रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. ती नाटकाविषयी आहेत, चित्राला लावतोय ते आम्ही. पण त्यांतली दोन अगदी चपखल बसतात.

एक विघ्न असं, की समोरची भावना ही ‘माझी’ आहे किंवा ‘त्या दुसऱ्याची’ आहे, असं ठरवून टाकणं. स्वगत आणि परगत. रंगमंचावरचा शोक माझा मानला तर मी रडत बसेन. तो त्या नटाचा खाजगी शोक मानला तर मला संकोच वाटेल, किंवा नसती उत्सुकता वाटेल. दोन्ही वेळा नाटक हातून निसटतं. दुसरं विघ्न म्हणजे प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात इतका बुडालेला असणं, की समोरचं त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आता आमचं ते वाक्य पुन्हा ऐका. बहिणीच्या काळजीत आम्ही बुडालेलो होतो, हे एक विघ्न. त्यातून दिसलेला पॅसेज आम्ही ‘तुमचा’ म्हणून मित्राच्या पदरात टाकला, हे दुसरं. एका वाक्यात दोन विघ्नं, आणि वर शाबासकीची अपेक्षा!

या विघ्नांवर नाट्यपरंपरेने केलेले उपायही अभिनवगुप्त सांगतात. पूर्वरंग असतो, वेशभूषा असते, मुकुट असतो. त्यामुळे नट हा खाजगी माणूस झाकला जातो. संगीत असतं, सजवलेला मंडप असतो, त्यामुळे प्रेक्षक आपल्या घरच्या विवंचनेतून जरा सुटतो. तेव्हा भावना ना माझी उरते, ना त्याची. ती सगळ्यांना मिळून चाखता येते. भट्टनायकांनी आणलेला आणि अभिनवगुप्तांनी स्वीकारलेला ‘साधारणीकरण’ हा शब्द यासाठीच आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. आमच्या वाक्यात चूक नेमकी कुठे सुरू झाली? फ्रँक सिब्ली या ब्रिटिश तत्त्वज्ञाचा १९५९ सालचा एक निबंध इथे उपयोगी पडतो. एखादं चित्र नाजूक आहे, बोजड आहे, उदास आहे, हे तर्काने सिद्ध करता येत नाही, असं ते म्हणतात. पण समीक्षक हतबलही नसतो. तो बोट ठेवतो. ‘ही रेघ बघा, हा रंग बघा, आता पुन्हा सगळं बघा.’ मग ऐकणाऱ्याला ते दिसू लागतं, किंवा दिसत नाही.

ही कसोटी लावून पाहा. ‘हा लांबच लांब अरुंद रस्ता वाटतो, टोकाला काहीतरी बंद आहे.’ हे दाखवता येतं का? येतं. पट्ट्याच्या खालच्या गडद टोकावर पोस्टकार्ड ठेवा. खोली नाहीशी होते, नुसता सपाट पट्टा उरतो. कार्ड काढा, खोली परत येते. म्हणजे ते म्हणणं चित्राविषयी होतं, आणि दुसऱ्याने बघून तपासावं असं होतं. पण ‘तुम्ही अजून बाहेर आलेला नाहीत’ हे कुठे बोट ठेवून दाखवणार? चित्राचा कुठलाही भाग झाकला तरी त्या वाक्याला काही होत नाही. ते चित्राबद्दल नव्हतंच. आम्ही चित्र वाचता वाचता, न विचारता, माणूस वाचायला लागलो होतो. वाक्याच्या मध्यावर कुंपण ओलांडलं आणि आम्हाला कळलंही नाही.

कांटनेही १७९० सालच्या ग्रंथात म्हटलंय, की ‘हे सुंदर आहे’ असं म्हणताना आपण पुरावा देऊ शकत नाही, तरी इतरांनी सहमत व्हावं अशी अपेक्षा धरतो. ही अपेक्षा रास्त आहे, कारण समोरची वस्तू सर्वांना दिसते. मित्राचं अंतःकरण मात्र टेबल टेनिसच्या टेबलावर मांडलेलं नव्हतं.

आता दुसरा प्रश्न. आम्ही नेलं काय? इथे विट्गेनश्टाइन यांच्या १९५३ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातलं बदक-सशाचं चित्र आठवा. तीच रेघ एका नजरेला बदक दिसते, दुसऱ्या नजरेला ससा. चित्र तेच राहतं, दिसणं बदलतं. आम्ही मित्राच्या चित्राला एकच दिसणं इतक्या जोरात चिकटवलं, की दुसरं दिसेना. त्यांच्याकडून गेलं ते हे, त्याच चित्रात दुसरं काही बघण्याची मोकळीक.

ती परत कशी आली, ते सांगतो. त्यात आमचं काही श्रेय नाही. त्यांच्या सुनेने ते चित्र कपाटामागून काढलं आणि ‘बाबा, रंग छान आहेत, फ्रेम करू’ म्हणून त्यांना दुकानात घेऊन गेली. फ्रेमवाल्याने बोर्ड हातात घेऊन फिरवला आणि विचारलं, ‘काका, कड्या कुठे लावू? उभं टांगायचं की आडवं?’ त्याला पॅसेज माहीत नव्हता, वहिनी माहीत नव्हत्या, त्याला खिळे मारायचे होते. त्याने चित्र आडवं धरलं तेव्हा एक पिवळा वर गेला, दुसरा खाली आला, आणि मध्ये राखाडी पट्टा आडवा झाला. मित्र म्हणाले, ‘आडवंच लावा.’

चित्र आडवं होण्याचा हा प्रकार कलेच्या इतिहासातही प्रसिद्ध आहे. वासिली कान्डिन्स्की यांनी १९१३ सालच्या आठवणींत लिहिलंय, की म्युनिकमध्ये एकदा संध्याकाळी ते घरी आले आणि भिंतीशी एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं. त्यात वस्तू कळत नव्हत्या, फक्त आकार आणि रंग. जवळ जाऊन बघतात तर त्यांचंच चित्र, एका कुशीवर ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी उजेडात त्यांनी तसंच बघायचा प्रयत्न केला, पण वस्तू ओळखू येत राहिल्या आणि तो अनुभव अर्धाच आला. म्हणजे ओळखीच्या अर्थातून चित्र सोडवणं कान्डिन्स्कींनाही मागून मिळालं नाही. आमच्या मित्राचंही तसंच आहे. ते म्हणतात, ‘मान वाकडी केली की पॅसेज अजून दिसतो. पण आता मी मान सरळ ठेवू शकतो.’

ते बैठकीला पुन्हा येऊ लागल्यावर आम्ही काही रीती ठरवल्या. तुम्हीही मित्रमंडळींत चित्रं दाखवत असाल तर करून पाहा. चित्र कुणाचं ते आधी सांगायचं नाही, सही मागच्या बाजूला करायची. हा आमचा मुकुट. पहिली दहा मिनिटं चित्रकाराने गप्प बसायचं. बोलणाऱ्याने तीन गोष्टी सांगायच्या : काय दिसतं, नेमकं कुठे दिसतं, आणि तेवढा भाग कार्डाने झाकला तर काय होतं. चित्र चारही बाजूंनी फिरवून बघायचं. ‘तुम्ही असे आहात, तुमचं असं झालंय’ ही वाक्यं बंद. मनात काही आठवलं तर ‘मला माझं हे आठवलं’ असं स्वतःच्या नावावर सांगायचं. तशी आठवण सांगायला काहीच हरकत नाही, फक्त ती ज्याची त्याने स्वतःच्या खात्यावर ठेवावी.

चित्रकारावरही एक बंधन आहे. शेवटी त्याची पाळी आली की त्याने ‘तुम्हाला जे वाटेल ते’ असं म्हणून सुटायचं नाही. त्याने काय केलं ते सांगायचं : कुठला रंग आधी, टेप कुठे लावली, काय चुकून झालं आणि ‘राहू दे’ का म्हटलं. मनात काय होतं ते सांगणं मात्र त्याच्या मर्जीवर. कुणी सांगतं, कुणी सांगत नाही.

आम्ही मित्राची माफी मागितली, हे सांगायचं राहिलं. ते म्हणाले, ‘सर, माफी कसली! पण एक करा. पुढच्या वेळी आधी तुमचं चित्र मांडा.’ त्याप्रमाणे त्या रविवारी पहिलं चित्र आमचं होतं. निळ्यावर निळा, जरा चिखल झालेला. तरुण सभासदाने कार्डाने डावा कोपरा झाकला आणि म्हणाला, ‘सर, हे झाकलं की बरं दिसतं.’ आम्ही बघितलं. खरंच बरं दिसत होतं.

आता काही प्रश्न असतील तर घेऊ.